नाशिकचा हिरा आणि दप्तरातले काजळ



समोरच्या मेजावर आम्ही चार वस्तू मांडल्या आहेत : घरच्या काजळाची एक डबी, एक शिसपेन्सिल, लोहाराच्या भट्टीशेजारून उचललेला बाभळीच्या कोळशाचा तुकडा आणि पेलाभर चुन्याची निवळी. पाचवी वस्तू मांडावयाची होती ती हिरा. ती आमच्या ऐपतीबाहेरची; आणि ज्या हिऱ्याविषयी आज बोलावयाचे आहे तो तर दोनशे वर्षांमागेच या देशातून गेला. तेव्हा त्याची जागा मेजावर मोकळी ठेवली आहे.

‘कर्ब’ असा विषय जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी आम्हांला गाठून विचारले, “आपण इतिहासाचे माणूस, रसायनात कशाला शिरता?” प्रश्न रास्त आहे. पण कर्बालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यातून व पेशव्यांच्या दप्तरातून गेलेला आहे. शिवाय कर्ब हा शब्द झरीकरांना परका नाही. शाळेची पुस्तके आता कार्बन म्हणतात, परंतु ज्याने म्हणून शेतातली माती तपासून घेतली आहे त्याच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो, आणि त्यात पुष्कळदा ‘कमी’ असा शेरा असतो. जमीन इतकी काळीभोर, आणि कर्ब कमी कसा, असे अनेकांना वाटते. काळेपणा ही कर्ब मुबलक असल्याची खूण नव्हे, हेच त्याचे उत्तर. रंगावरून कर्ब ओळखू गेलो की फसगत होते. काजळ काळे, हिरा पाण्यासारखा, आणि दोन्ही कर्बच.

ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही पाठ असते. ती कळली कशी, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आधी आपला हिरा. इंग्रज त्याला ‘नासक’ म्हणतात, म्हणजे नाशिकचा. तो निघाला गोवळकोंड्याच्या राज्यातील कोल्लूरच्या खाणीत, कृष्णेच्या काठी. ब्राझीलमध्ये १७२५ च्या सुमारास हिरे सापडेपर्यंत जगाच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक हिरा हिंदुस्थानातूनच जात असे. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता अशी परंपरा आहे. विलायतेतील जवाहिऱ्यांनी पुढे त्याचे ‘मूर्तीचा डोळा’ असे भडक नाव प्रसिद्ध केले. ज्यांनी त्र्यंबकेश्वरी दर्शन घेतले आहे त्यांना हसू येईल. तेथे मूर्तीच नाही, पिंडीच्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. डोळा कोणाचा काढणार! माल खपविण्यासाठी रचलेल्या कथा अशाच असतात.

१८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली आणि हा हिरा इंग्रजांच्या हाती पडला. दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून तो लंडनला गेला आणि १८१८ साली रंडेल आणि ब्रिज या पेढीने तो विकत घेतला. तेव्हा त्याचे वजन सुमारे नव्वद कॅरट होते, म्हणजे दीड तोळ्याहून थोडे अधिक. आपल्याकडचे कारागीर हिऱ्याचे वजन राखून पैलू पाडीत. तेज थोडे कमी झाले तरी चालेल, पण दाणा घटता कामा नये. विलायती कारागिरांचा हिशेब उलटा. त्यांनी तो नव्याने पैलू पाडून ऐंशी कॅरटांच्या आसपास आणला. १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेऊन आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसविला. पुढे १९२७ साली तो अमेरिकेत गेला, आणि १९४० साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने पॅरिसमध्ये तो विकत घेऊन पुन्हा कापला. आता तो ४३.३८ कॅरटांचा आहे, म्हणजे पाऊण तोळा. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो विकला गेला, आणि खाजगी मालकीतच राहिला. निम्म्याहून अधिक नाशिकचा हिरा कातरकामात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता याच हिऱ्याची दुसरी हकीकत. ती लंडनमध्येच, पण वीस वर्षे आधी घडली.

हिरा जळतो, हे युरोपात १६९४ सालापासून ठाऊक होते. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तेथल्या ग्रँड ड्यूकच्या आश्रयाखाली दोन पंडितांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिऱ्यावर धरले. हिरा हळूहळू लहान होत नाहीसा झाला. गेला कोठे, ते कळेना. १७७२ साली पॅरिसमध्ये लव्हॉझिये या थोर रसायनशास्त्रज्ञाने तोच प्रयोग बंद भांड्यात केला. तेथले जवाहिरे मोठ्या तावातावाने सांगत की आम्ही हिरे कोळशाच्या भुकटीत पुरून तापवितो, त्यांना काही होत नाही. त्यांचे म्हणणे खरेच होते. कारण भुकटीत हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून जळणे नाही. लव्हॉझियेने हवा दिली. हिरा जळाला, आणि भांड्यातल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ केली. कोळसा जाळला तरी असेच होते. लव्हॉझियेला साम्य दिसले, पण हिरा म्हणजेच कोळसा असे म्हणण्याचे त्याने टाळले. १७९४ साली फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचा शिरच्छेद झाला.

उरलेले काम स्मिथसन टेनंट या इंग्रजाने १७९७ साली केले. त्याने सोन्याची नळी घेतली, तीत थोडे हिरे आणि सोरा घातला, आणि नळी तापविली. सोऱ्यातून प्राणवायु सुटतो. हिरा पूर्ण जळाला. (त्या काळी इंग्लंडातला बहुतेक सोरा कंपनी सरकार बंगाल-बिहारातून नेत असे, हे जाता जाता ध्यानात असू द्यावे.) मग त्याने निघालेला वायु मोजला. जितक्या वजनाचा हिरा, तितक्याच वजनाच्या कोळशातून जेवढा कर्बवायु निघतो तेवढाच तो भरला. ना कमी, ना जास्त. हिऱ्यात कर्बाखेरीज दुसरे काही असते तर हिशेब जुळता ना.

प्रयोग इतका साधा की वाटते, हा कोणालाही सुचला असता. आपल्याकडे रत्नपरीक्षेची विद्या जुनी, तीवर स्वतंत्र प्रकरणे लिहिलेली. सराफ हिरा गुंजेवर तोलीत, वखारवाले कोळसा मणावर तोलीत. दोन्ही एका तागडीत घालावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही, युरोपातल्या सराफांच्या मनातही शेकडो वर्षे ते आले नव्हते. तथापि आम्हांला राहून राहून वाटते ते असे : ज्या वर्षी टेनंटने हिरा जाळला, त्या वर्षी दुसरा बाजीराव गादीवर येऊन अवघे काही महिने झाले होते, आणि पुण्याची सारी बुद्धी कोणी कोणाला कैद करावे यात गुंतली होती. वीस वर्षांनी आपला हिरा लंडनला पोहोचला तेव्हा तो कशाचा आहे हे विकत घेणाऱ्यांना समजू शकत होते, देणाऱ्यांना नव्हते.

पेन्सिलीचीही हकीकत अशीच. स्वीडनच्या शेले नावाच्या औषध विकणाऱ्याने १७७९ साली दाखविले की, पेन्सिलीतला काळा पदार्थ शिसे नसून त्यापासूनही कर्बवायूच निघतो. त्या पदार्थाला आता ग्रॅफाइट म्हणतात. आपण मात्र अजूनही शिसपेन्सिलच म्हणतो. दोन अडीचशे वर्षांची चूक भाषेने जपून ठेविली आहे.

येथे एक हिशेब आपल्यासमोर मांडतो. आजचा नाशिकचा हिरा ८.६७६ ग्रॅमांचा. तो उद्या कोणी पूर्ण जाळलाच तर त्यातून सुमारे बत्तीस ग्रॅम कर्बवायु निघेल. मोठी घागर भरेल इतका. माणूस दिवसाकाठी अंदाजे एक किलो कर्बवायु श्वासावाटे बाहेर टाकतो. म्हणजे आम्ही येथे पाऊण तास बोललो की, तेवढ्यात एका नाशिकच्या हिऱ्याएवढा कर्ब आमच्या तोंडावाटे हवेत गेलेला असेल, आणि आपणांपैकी प्रत्येकाच्या नाकावाटेही. तो आला ज्वारीच्या भाकरीतून. ज्वारीने तो घेतला हवेतून. पिकाचे अंग मातीतून नव्हे तर मुख्यतः हवेतल्या कर्बवायूतून व पाण्यातून बनते, हे जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी १८०४ साली तोलून मापून सिद्ध केले. काळ्या मातीत कर्ब कमी असूनही कापसाचे बोंड भरते ते यामुळे.

मूळ वस्तू एकच, तर एक मऊ आणि एक कठीण का? टेनंटच्या तागडीला हे सांगता येत नव्हते. उत्तर यावयास आणखी सव्वाशे वर्षे लागली.

१८५८ साली केकुले या जर्मन आणि कूपर या स्कॉटिश तरुणाने, एकमेकांस न कळत, असे मांडले की कर्बाच्या अणूला चार हात असतात, आणि त्या हातांनी तो दुसऱ्या कर्बाच्या अणूचा हात धरू शकतो. त्यामुळे कर्बाच्या साखळ्या बनतात. हे हात कागदावर चार दिशांनी काढीत, वर, खाली, डावा, उजवा. १८७४ साली, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच्या आदल्या वर्षी, फान्ट होफ नावाच्या बावीस वर्षांच्या डच तरुणाने एक लहानशी पुस्तिका छापली. तो म्हणाला, अणू कागदावर राहत नाही, अवकाशात राहतो. चार हात चार कोपऱ्यांकडे सारख्या अंतराने पसरलेले असले पाहिजेत. फ्रान्समध्ये ल बेलनेही त्याच वर्षी तेच सांगितले. आपल्या शेतातला सराटा डोळ्यांपुढे आणा. तो कसाही पडो, टोचावयास एखादा काटा वर असतोच. चार काट्यांचा, चारही काटे एकमेकांपासून सारखे दूर असलेला सराटा कल्पा, म्हणजे कर्बाचा अणू कळला.

कोल्बे नावाच्या वृद्ध जर्मन आचार्यांना हे मुळीच रुचले नाही. फान्ट होफ तेव्हा उत्रेख्त येथे गुरांच्या डॉक्टरांच्या शाळेत शिकवीत असे. गुरांच्या शाळेतून पंखांचा घोडा घेऊन हे महाशय उडाले आहेत, अशा आशयाची टीका कोल्बेंनी छापली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली देण्यात आले ते याच फान्ट होफला.

पुरावा मात्र अजून डोळ्यांनी दिसला नव्हता. १९१३ साली इंग्लंडमध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरण हिऱ्यातून पाठवून आतली रचना मोजली. प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून, ते चार आणखी चारांना. कोठेही मोकळा हात नाही, कोठेही फट नाही. म्हणून हिरा कठीण. १९२४ साली बर्नाल यांनी ग्रॅफाइटचे मोजमाप केले. तेथे प्रत्येक अणू तिघांनाच धरतो, आणि सर्व मिळून मोहोळाच्या घरांसारखे सहा कोपऱ्यांचे एक सपाट जाळे बनते. चौथा हात सगळ्या जाळ्याचा सामाईक. अशी जाळी पापडांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचलेली असतात, आणि दोन जाळ्यांमधले अंतर जाळ्यातल्या शेजारी अणूंच्या अंतराच्या दुपटीहून जास्त असते. चळत धक्क्याने सरकते. कागदावर पेन्सिल ओढली की पापड उलगडून कागदावर राहतात. सामाईक हातांमुळे ग्रॅफाइटमधून वीजही वाहते. विजेरीच्या सेलमधली काळी काडी असते ती कर्बाची.

‘हात’ म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या लुईस यांनी १९१६ साली सांगितले की, दोन अणूंनी भागीदारीत ठेवलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे हा बंध. बटईच्या जमिनीसारखे आहे. पीक दोघांचे, आणि त्यामुळेच दोघे एकमेकांना सोडून जात नाहीत.

लोकांचा एक गैरसमज येथे दूर करावासा वाटतो. हिरा अक्षय आहे असे म्हणतात. आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाखाली कर्बाचे स्थिर रूप ग्रॅफाइट हे आहे, हिरा नव्हे. हिरा दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली घडतो आणि ज्वालामुखीच्या वाटेने वर फेकला जातो. वर आल्यावर त्याने खरे तर ग्रॅफाइट व्हावयास हवे. पण घट्ट धरलेले हात सुटण्याचा वेग इतका मंद की, अंगठी घालणाऱ्याने काळजी करू नये. उलट दिशेचा प्रवास माणसाने साधला आहे : १९५४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत ग्रॅफाइटपासून हिरे तयार झाले, आणि आज सुरतेत कारखान्यात वाढविलेल्या हिऱ्यांना पैलू पाडले जातात.

नव्या रूपांविषयी दोनच शब्द. १९८५ साली साठ अणूंचा चेंडूसारखा पोकळ कर्ब सापडला, आणि १९९१ साली तो ज्योतीच्या काजळीतूनही मिळविता येतो असे दिसून आले. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पदर सोलता सोलता एकच पदर वेगळा केला, तो ग्रॅफीन. त्याबद्दल त्यांना २०१० साली नोबेल मिळाले. चिकटपट्टीने नोबेल मिळते हे आमच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते.

येथवर कर्ब स्वतःशीच हात धरून होता. तो इतरांशी कसा वागतो ते पाहण्यास लांब जावयास नको. आपल्या झरीवरून जाणारी वाट जिंतुराकडे जाते, आणि जिंतूर ओलांडून तसेच उत्तरेकडे गेले की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागते. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरणार नाही. काळ्या दगडात उल्का कोसळून तो खळगा पडला, हे १९७३ साली तेथल्या खडकांच्या तपासणीवरून निश्चित झाले. खळग्यातले पाणी बाहेर जात नाही. पावसाचे पाणी हवेतला कर्बवायु घेऊन दगडावर उतरते, दगडातला क्षार सोडविते, तळ्यात येते आणि उन्हाने आटते. मागे राहतो सोडा, म्हणजे एका कर्बाभोवती तीन प्राणवायूचे अणू आणि जोडीला सोडियम. ऐन-ई-अकबरीत या ठिकाणचा उल्लेख आहे तो काच आणि साबण करण्याचे साहित्य येथे मिळते म्हणून. तळे आटू लागले की काठावरचा खार लोक गोळा करीत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावे होती. घरातला पापडखार हा याच जातीचा. त्यावर लिंबू पिळा. जो फसफसून बाहेर पडतो तो वायु आणि टेनंटच्या सोन्याच्या नळीतला हिऱ्याचा वायु, हे दोन्ही एकच.

हात धरण्याच्याही तऱ्हा आहेत. एक हात एकाला, असे केले तर लांब साखळ्या होतात. आपला कापूस पाहा. परभणीत हैदराबाद संस्थानच्या शेतकी खात्याने १९१८ साली प्रयोगक्षेत्र काढले, त्या भागातील पांढरे सोने. त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे साखरेच्या हजारो घटकांची एका ओळीत ओवलेली माळ, आणि प्रत्येक घटकात कर्बाचे सहा अणू. दोन अणूंनी एकमेकांचे दोन-दोन हात धरले की काय होते, ते आंब्याच्या अढीत कळते. पिकणारे फळ एथिलीन नावाचा वायु सोडते. त्यात दोन कर्ब दुहेरी धरलेले असतात, आणि तो शेजारच्या फळालाही पिकवितो. तीन-तीन हात धरले की ॲसिटिलीन, जो वेल्डिंगवाल्याच्या नळीत जळतो. कार्बाइडच्या पुड्या ठेवून आंबे पिकविणारे याच वायूचा उपयोग करतात, आणि कायद्याने त्याला बंदी आहे हे ऐन हंगामात सोयीस्करपणे विसरतात.

जिवंत शरीरातले पदार्थ प्रयोगशाळेत करता येत नाहीत, त्यांना प्राणशक्ती लागते, अशी समजूत पूर्वी होती. व्हलर यांनी १८२८ साली मूत्रातला युरिया निर्जीव द्रव्यांपासून तयार केला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. आज तोच युरिया पोत्यांनी आपल्या शेतात येतो. त्याच्या मधोमधही कर्बाचा एक अणू आहे.

दगडी कोळशाबद्दल फार सांगत नाही. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात तो नाही. हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि कोळसा त्याच्याही फार आधीच्या अरण्यांचा. तो विदर्भात वर्धेच्या खोऱ्यात आहे. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. नंतरच्या खाणी चालू राहिल्या.

एवढ्या साऱ्यांशी हात धरणारा हा कर्ब काजळात मात्र गप्प असतो. तिळाच्या तेलाचा दिवा लावून वर भांडे पालथे धरले की, तेलातले हायड्रोजन जळून जाते, कर्बाला पुरेशी हवा मिळत नाही, आणि तो काजळी होऊन भांड्याला चिकटतो. या काजळीचे कण म्हणजे ग्रॅफाइटच्या पदरांचे बारीक, वेडेवाकडे गोळे. पदरातल्या प्रत्येक अणूने आपले हात शेजाऱ्यांत गुंतवून ठेविले आहेत. साध्या उन्हाला, हवेला, काळाला तो दाद देत नाही.

याच काजळीत डिंकाचे पाणी घालून ती घोटली की शाई होते. घोटणे जितके जास्त तितकी शाई चांगली, कारण कण सुटे झाले पाहिजेत. समर्थांना हे काम इतके महत्त्वाचे वाटले की, दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. हिराकस घालून केलेली दुसरीही शाई असे. ती कागदात मुरते, आणि वर्षानुवर्षे कागद कुरतडीत राहते. काही जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी भोके दिसतात ती तिची. काजळाची शाई कागदावर बसते, त्याला खात नाही.

१८१८ साली इंग्रजांनी पेशव्यांचा हिरा घेतला तसे दप्तरही घेतले. हिरा किमती म्हणून विकला. दप्तर विकण्याजोगे नव्हते, पण कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरविण्यास लागत होते, म्हणून ठेविले. ते आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेले कागद पंचेचाळीस खंडांत छापले. त्यांच्याही आधी, १८९८ पासून, राजवाडे वाड्यांतून आणि माळ्यांवरून कागद गोळा करीत हिंडत होते; बीड जिल्ह्यातल्या पाटांगणला मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी त्यांनी १९०९ साली छापली. असले कागद उघडून पाहण्याचा योग ज्यांना आला आहे त्यांना ठाऊक आहे, कागद पिवळा पडलेला असतो, कडा झडलेल्या असतात, कसर लागलेली असते, पण बोरूची ओळ कालच लिहिल्यासारखी काळी असते. त्र्यंबकेश्वरचा हिरा दोनदा कातरून निम्म्याखाली आला. त्याच काळात कारकुनाने दिव्याच्या काजळाने लिहिलेले अक्षर आपले वजन राखून आहे. दोहोंत द्रव्य एकच, आणि दोहोंच्या टिकाऊपणाचे कारणही एकच : घट्ट धरलेले हात.

या शाईला एकच शत्रू, पाणी. कर्बाला पाणी काही करीत नाही, पण त्याला कागदाशी धरून ठेवणारा डिंक पाण्याने सुटतो, आणि सगळी ओळ वाहून जाते. आपल्या भागात कित्येक घरी रुमालात बांधलेल्या सनदा आणि वतनाचे कागद आहेत, कोठे मोडी, कोठे फारसी किंवा उर्दू. लिपी निराळी असली तरी शाई पुष्कळदा हीच. वर्षातून एकदा ते झटकावेत, पण ओल्या फडक्याने पुसू नयेत. चिकटपट्टी लावू नये. उन्हात पसरू नयेत. शाई उडणार नाही, पण कागद कडक होऊन मोडेल. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेविले असतील तर पावसाळ्यापूर्वी खाली काढावेत, आणि यंदा ते काम राहिले असेल तर ज्येष्ठ लागण्याच्या आत उरकावे.

आता पेलाभर निवळी राहिली आहे. शेजारी नळी ठेविली आहे. मुलांपैकी ज्याला लव्हॉझियेचा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्याने पुढे यावे आणि नळीतून सावकाश श्वास सोडावा. निवळी दुधाळ होईल. फक्त फुंकावे, ओढू नये.